किल्ली हरवलेली सायकल

दुसऱ्याची सायकल मागून चालविणे आमच्या वयाला शोभत नाही, असे आमच्या घरच्या मंडळींचे मत आहे. परंतु गुडघे कुरकुरू लागले, डॉक्टरांनी सायकलीचा व्यायाम सांगितला, आणि आमची स्वतःची सायकल तर चिरंजिवांनी केव्हाच भंगारवाल्याच्या स्वाधीन केलेली. तेव्हा शेजारच्या काकूच आपण होऊन म्हणाल्या, "ह्यांची जिन्याखाली पडून आहे, ती घेऊन जात जा."

काका इथल्याच, इंदुरातल्या एका कापड गिरणीत होते आणि याच सायकलीवरून तीस वर्षे पाळीला गेले. गिरणी बंद पडली, पुढे काकाही गेले; सायकल तेवढी राहिली. काकूंनी डब्यातून किल्ली काढून आमच्या हातावर ठेवली. एकच. दुसरी काका जानव्याला बांधीत असत. ती कोठे गेली हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

आणि ही एकुलती एक किल्ली आम्ही गेल्या मार्गशीर्षात राजवाड्याच्या गर्दीत हरविली.

मागच्या चाकाचे ते कुलूप वाचकांना परिचित असेलच. चिमट्यावर बसविलेले, अर्धवर्तुळाकार. खटका दाबला की आतला दांडा तारांमधून आरपार जातो आणि किल्ली मोकळी होते. उघडे असताना या कुलुपातून किल्ली निघतच नाही. म्हणजे ती हरवायचीच झाली तर सायकल बंद झाल्यावरच हरवणार! ज्याने ही रचना योजिली त्याला मनुष्यस्वभावाची फारशी कीव नसावी.

खिसे तीनदा उलटे केले. भाजीची पिशवी रिकामी केली. शेवटी कॅरिअरला धरून मागचे चाक उचलले आणि पुढच्या चाकावर सायकल ढकलीत निघालो. हा प्रकार ज्याने केला नसेल त्याने करून पाहू नये. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, बंद सायकल उचलून नेणारा पांढऱ्या केसांचा गृहस्थ! जो तो वळून पाही. एका शाळकरी पोराने तर विचारलेच, "चाचा, किसकी है?" आम्ही "अपनी है" म्हणालो खरे, पण ती आमची नव्हती, आणि ते उच्चारताना आमचा आवाज अंमळ चोरटाच निघाला.

पहिला मुक्काम पंक्चरवाल्याकडे. त्याने कुलपाकडे एकवार पाहिले आणि हातोडा उचलला. "दो चोट, बस." आम्ही त्याचा हात धरला. तेव्हा त्याने करवत पुढे केली. हाही मार्ग सरळ आहे, आणि ज्यांचे कुलूप साधे आहे त्यांनी तो खुशाल पत्करावा. फक्त तारांना नि टायरला जाड फडके गुंडाळून घ्यावे, पात्याचे दात पुढच्या दिशेला असावेत आणि पाते बारीक दातांचे घ्यावे. चांगल्या प्रतीचे कुलूप मात्र पाणी दिलेल्या पोलादाचे असते. त्यावर करवत नुसती घसरते. तेथे विजेवर फिरणारी चकतीच लागते, आणि तिच्या ठिणग्यांनी टायर जळतो. चिमट्यावरचे स्क्रू काढावेत, असे कोणास सुचेल. आम्हांसही सुचले होते. पण स्क्रू निघाले तरी दांडा तारांमध्येच असतो. कुलूप चाकाच्या गळ्यात पडते एवढेच.

तथापि हे कुलूप कापावयाचे नव्हते. काकांनी ते रोज दोनदा उघडले होते, तीस वर्षे. आमच्या निष्काळजीपणासाठी त्यावर करवत चालावी, हे आमच्या मनास पटेना. पंक्चरवाल्याने हातोडा खाली ठेवला आणि कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे बोट दाखविले.

हा किल्लीवाला शिकलगारांपैकी, पगडी बांधणारा. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारा. जुन्या कागदपत्रांत हा शब्द वाचकांनी वाचला असेल. तलवारींचे दिवस संपले, आणि हा हात कानशीवर आला. त्याने कुलूप पाहिले, कोरी किल्ली निवडली, आणि मग तीच हातात धरून थांबला.

"गाड़ी आपकी है?"

आम्ही आता शहाणे झालो होतो. म्हणालो, शेजाऱ्यांची आहे. त्याने कोरी किल्ली परत डब्यात टाकली. "तो जिनकी है, उन्हें बुलाइए."

त्या क्षणी आम्हांस राग आला, हे कबूल करावयास हवे. चाळीस वर्षे ज्या शहरात राहिलो, तेथे आमच्या शब्दास एवढीही पत नसावी? पण मग त्या शाळकरी पोराची आठवण झाली. एके काळी अनेक नगरपालिका सायकलीस पत्र्याचा बिल्ला देत. तो दाखविला की वाद मिटे. आज सांगाड्यावर कोरलेला क्रमांक तेवढा असतो, आणि तो लिहून ठेवणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

चिरंजिवांना दूरध्वनी केला. काकूंना घेऊन ते येईपर्यंत किल्लीवाल्याच्या बाकावर बसून त्याची कामे पाहिली. कुलपाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लंडनमध्ये ब्रामाचे कुलूप कोणी उघडून दाखवावे, असे आव्हान कित्येक वर्षे दुकानाच्या खिडकीत मांडलेले होते. 1851 साली हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडले. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. उलट 2004 साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीची महागडी सायकल-कुलपे बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात असे आढळले, आणि कंपनीस ती बदलून द्यावी लागली. आमच्या शाळेच्या सायकल-स्टँडवर तर एकाची किल्ली दुसऱ्यास लागणे ही नित्याची गोष्ट होती; स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे नमुने थोडेच असत.

काकू आल्या. नऊवारीचा पदर खोचून, स्कूटरवरून उतरल्या त्या थेट किल्लीवाल्यासमोर. आमच्याकडे पाहिलेही नाही. त्याने विचारले, "माँजी, कोई निशानी?"

काकू म्हणाल्या, "सीट के नीचे स्प्रिंग टूटी है. बिजली की हरी तार बाँधी है. उन्होंने नहीं, मैंने बाँधी."

त्याने वाकून पाहिले. हिरवी तार होती. इतके दिवस त्या सीटवर बसूनही ती आमच्या ध्यानात आली नव्हती.

मग त्याने मेणबत्ती पेटविली. कोरी किल्ली ज्योतीवर धरून काजळी चढविली, पकडीत पकडून कुलपात घातली, हलका पीळ दिला आणि काढली. काजळीवर सुईच्या टोकाएवढे दोन चकचकीत ठिपके! अशा कुलपाच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या स्प्रिंगवर उभ्या असतात. जी पट्टी योग्य उंचीवर नाही ती अडकते आणि किल्लीवर ठसा उमटविते. ठसा जेथे, तेथे कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ. ठसा उमटेनासा झाला की त्या जागी माप जुळले. आठव्या की नवव्या खेपेस खट् आवाज झाला आणि दांडा मागे सरला. कुलपावर साधा ओरखडादेखील नव्हता.

काकूंनी त्याच्याकडून दुसरी किल्लीही करवून घेतली. शिलाईच्या यंत्राच्या तेलाचे दोन थेंब त्याने कुलपात सोडले आणि बजावले की खाण्याचे तेल कधी घालू नये. ते आत चिकटते. किल्ली जड जाऊ लागली तर शिसपेन्सिलीची पूड तिच्यावर घासावी. मजुरी आम्ही दिली. काकूंनी ती देऊ दिली, यावरून त्यांचा राग आम्हांस कळला.

दोन्ही किल्ल्या त्यांनी कनवटीस लावल्या. "सकाळी निघालात की बेल वाजवा," म्हणाल्या, "मी देईन."

तेव्हापासून रोज सहाच्या सुमारास आम्ही ती बेल वाजवितो. काकू दार किलकिले करून किल्ली देतात, आणि परत आल्यावर हातात घेऊन, उलटसुलट पाहून, मगच चहा विचारतात.