मुक्त आज्ञावलीचे फाटे आणि शिरोलीचे कारखानदार

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या जुन्या फौंड्रीत गेल्यास तेथे पॅटर्नची जी निगा राखली जाते ती पाहण्यासारखी असते. भट्टी बिघडली तर ती दुरुस्त करता येते. परंतु पॅटर्न कोणी, केव्हा आणि किती बदलला याची नोंद नसेल, तर महिन्याभराने ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचा जाब कोणालाच देता येत नाही. म्हणूनच कास्टिंगवर हीट नंबर उमटविला जातो. त्या नंबरावरून कोणत्या दिवशीचा रस, त्यात कार्बन किती आणि सिलिकॉन किती, हे मागे जाऊन शोधता येते. ही शिस्त कोणी पुस्तकातून शिकविलेली नाही. नाकारलेल्या मालाच्या खर्चाने ती शिकविली आहे.

याच कारखान्यांची कचेरी आता दुसऱ्या एका प्रकारच्या पॅटर्नवर चालू लागली आहे, आणि तेथे मात्र या शिस्तीचा मागमूस नाही. हिशेब, साठा, जॉबवर्कची चलने, जीएसटीची विवरणे हे सर्व संगणकीय आज्ञावलीवर अवलंबून आहे. बाजारातील तयार आज्ञावली महाग पडते आणि आपल्या गरजेला पुरतीही उतरत नाही. म्हणून लहान-मध्यम कारखानदार मुक्तस्रोत आज्ञावलीकडे वळत आहेत. हे वळण स्वागतार्हच आहे. परंतु मुक्तस्रोत म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे निर्धास्त, असे जे समीकरण त्याबरोबर रुजते आहे, त्याचा अर्थशास्त्राच्या अंगाने विचार होणे अगत्याचे आहे.

प्रथम विषय स्पष्ट करू. मुक्तस्रोत आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. त्याची स्वतंत्र नक्कल काढून आपल्या सोयीचे बदल करणे याला त्या व्यवसायात ‘फोर्क’ म्हणतात. आपण त्यास फाटा म्हणू; सांगली फाट्याशेजारी राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. मूळ रस्ता पुढे चालत राहतो, फाटा आपल्या गावाकडे वळतो, आणि दोहोंतील अंतर रोज थोडे थोडे वाढते. दुसरी संज्ञा ‘ऑटोमेटेड बिल्ड’, म्हणजे स्वयंचलित बांधणी. मजकुरात कोणी बदल केला की दूरच्या संगणकावर आपोआप चाचण्या होतात, चालविण्याजोगा संच तयार होतो, आणि तशी व्यवस्था असल्यास तो थेट कारखान्याच्या कचेरीत बसविलाही जातो. मध्ये माणसाचा हात लागत नाही. सोय याच गोष्टीत आहे आणि धोकाही याच गोष्टीत आहे.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर ‘ईआरपीनेक्स्ट’चे घ्यावे. ऋषभ मेहता यांनी मुंबईत २००८ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून निघालेली ही आज्ञावली आज अनेक देशांत वापरली जाते, आणि तिचा मजकूर गिटहबवर कोणालाही पाहता येतो. आता एका कल्पित फौंड्रीचा विचार करू. मालकाने एका तरुण अभियंत्याला काम दिले. त्याने ईआरपीनेक्स्टचा फाटा काढला, तोही स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर. हीटनिहाय नोंद, रिजेक्शनची चिठ्ठी आणि जॉबवर्कचे चलन यांसाठी त्याने मूळ मजकुरातच फेरफार केले, स्वयंचलित बांधणी जोडून दिली आणि काम उत्तम चालू झाले. दोन वर्षांनी तो पुण्यास गेला. बांधणीची कृती, तिच्या किल्ल्या, खात्याचा परवलीचा शब्द, सारे त्याच्याबरोबर गेले. पॅटर्न बाहेरच्या माणसाच्या घरी ठेवून कोणी कारखाना चालवील काय? येथे नेमके तेच घडते आणि कोणाला त्याचे वावगेही वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, चालू आहे ते चालू राहील, त्यात काय बिघडले? बिघडते ते सरकारी नियमांमुळे. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीस लागू झाली. मग जानेवारी २०२१ मध्ये १०० कोटी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ५० कोटी, एप्रिल २०२२ मध्ये २० कोटी, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी, अशी ती पायरीपायरीने खाली उतरत लहान कारखान्याच्या दारापर्यंत आली. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरील उलाढाल असणाऱ्यांना इनव्हॉइस ३० दिवसांत नोंदविणे भाग पडले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दरच बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. मूळ आज्ञावली सांभाळणारे या प्रत्येक वेळी आपापल्या मजकुरात दुरुस्ती करतात. ज्याचा फाटा मूळ रस्त्यापासून दोन वर्षे दूर गेला आहे, त्याच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचत नाही. आणि पोहोचविण्याचा यत्न केला तर मध्येच केलेल्या फेरफारांशी तिची टक्कर होते. ही टक्कर रोज थोडी सोडविली तर अर्ध्या तासाचे काम असते, दोन वर्षांची साचली तर पंधरवडा पुरत नाही. व्याजाचे गणित चक्रवाढीने कसे वाढते हे सावकारी पाहिलेल्या मुलुखाला निराळे सांगावयास नको.

म्हणून जाणकारांचा कल असा की जेथे जोडून भागते तेथे फाटा काढूच नये. ईआरपीनेक्स्टच्या रचनेत मूळ मजकुराला हात न लावता स्वतंत्र जोड-आज्ञावली बसविण्याची सोय आहे, आणि चौदाव्या आवृत्तीपासून भारतीय कर-नियमांचा भागही याच रीतीने वेगळा काढण्यात आला. पॅटर्नमेकर जेथे सुटा तुकडा लावून भागते तेथे संपूर्ण पॅटर्न नव्याने कोरीत नाही, त्यातलाच हा प्रकार. तथापि काही वेळा फाटा अपरिहार्य असतो, आणि प्रसंगी तो हितकरही ठरतो. जीसीसी या सुप्रसिद्ध संकलकाचा १९९७ मध्ये निघालेला एक फाटा इतका सरस ठरला की १९९९ मध्ये तोच अधिकृत मूळ म्हणून स्वीकारला गेला. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस निघाले आणि पुढे मुळाहून अधिक जोमाने वाढले. फरक एवढाच की या फाट्यांना सांभाळणारी माणसे होती, एकापेक्षा अधिक होती, आणि त्यांची बांधणी कोणा एकाच्या लॅपटॉपवर अवलंबून नव्हती.

आता स्वयंचलित बांधणीच्या खर्चाकडे वळू. इंडक्शन भट्टी विनाकारण कोणी पेटवीत नाही, कारण महिनाअखेर विजेचे बिल येते. गिटहबवर सार्वजनिक मजकुराची बांधणी विनामूल्य होते आणि खाजगी मजकुरासाठीही विनामूल्य योजनेत दरमहा २००० मिनिटे मिळतात. किंमत शून्य असली की मागणीला धरबंद राहत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातले प्रमेय येथे तंतोतंत खरे ठरले. दुसऱ्याच्या मजकुराचा फाटा काढावयाचा, त्यात आभासी चलन खणणारी आज्ञा घुसवावयाची आणि बांधणीच्या नावाखाली परक्या संगणकांची शक्ती वापरावयाची, असा उद्योग जगभर बोकाळला. ट्रॅव्हिस सीआय या सेवेने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या विनामूल्य सोयीला कात्री लावली. गिटहबने एप्रिल २०२१ मध्ये नियम केला की प्रथमच बदल सुचविणाऱ्याच्या मजकुरावर बांधणी चालण्यापूर्वी व्यवस्थापकाची संमती लागेल. फाटा काढला तरी मुळातील बांधणीच्या कृती तेथे आपोआप चालू होत नाहीत, नव्या मालकाला त्या स्वतः सुरू कराव्या लागतात. मूळ मजकुराच्या गुप्त किल्ल्याही फाट्याकडे येत नाहीत. आणि सार्वजनिक मजकुरात ६० दिवस हालचाल नसेल तर वेळापत्रकाने चालणारी बांधणी बंद होते. या अटी अनेकांना जाचक वाटतात. प्रस्तुत लेखकास त्या शहाणपणाच्या वाटतात. मात्र त्या माहीत नसतील तर घोटाळा होतो. आपला रात्रीचा संच रोज तयार होत आहे या समजुतीत मालक असतो आणि बांधणी तर कधीचीच थांबलेली असते.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. २०२० च्या अखेरीस उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी गाठले ते नेमके बांधणीचे यंत्र. मजकूर निर्दोष, पण बांधताना त्यात विष कालविले गेले, आणि तो संच सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला. मार्च २०२५ मध्ये, वीस हजारांहून अधिक ठिकाणी बांधणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा साहाय्यक आज्ञावलीत असाच प्रकार घडला. तिच्या आवृत्त्यांवरील नावांची लेबले काढून ती दूषित मजकुरावर चिकटविण्यात आली. लेबल पाहून माल घेणाऱ्या सर्वांच्या बांधणीत तो शिरला आणि गुप्त किल्ल्या बांधणीच्या नोंदवहीत उघड्या पडल्या. ज्यांनी लेबलावर न विसंबता मजकुराचा बदलता न येणारा अंक नोंदवून ठेवला होता, ते बचावले. पिग आयर्नच्या गाडीवर कागद काय लावला आहे ते पाहून कोणी फौंड्रीवाला समाधान मानीत नाही. नमुना घेऊन स्पेक्ट्रोमीटरवर तपासतो. कचेरीतील आज्ञावलीला हा न्याय का लावू नये?

येथे कायद्याची एक बाजू मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती फार थोड्या मालकांना ठाऊक असते. ईआरपीनेक्स्ट हे जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिलेले आहे. या परवान्याने ज्याला बदललेली आज्ञावली सुपूर्द केली जाते त्याला तिचा संपूर्ण मूळ मजकूर मागण्याचा हक्क मिळतो. आणि ‘मूळ मजकूर’ या शब्दांत ती बांधण्याच्या व बसविण्याच्या कृतींचाही समावेश त्यात स्पष्टपणे केला आहे. म्हणजे सल्लागाराने फाटा काढून कारखान्याच्या संगणकावर तो बसवून दिला असेल, तर बांधणीची कृती ही त्याची मेहेरबानी नव्हे, ग्राहकाचा हक्क आहे. (सल्लागार आज्ञावली स्वतःच्याच संगणकावर ठेवून केवळ सेवा पुरवीत असेल, तर मात्र हा हक्क लागू होत नाही. तेथे करारातच कलम घालून घेतले पाहिजे.) काम देताना खाते कारखान्याच्या नावाने उघडावे, किल्ल्या दोघांकडे असाव्यात आणि प्रत्येक बांधणीला हीटप्रमाणे अंक असावा, एवढे तरी मालकाने मागून घ्यावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी कचेरीतील एका कपाटात ठेवलेल्या संगणकावर सर्व भिस्त ठेवणे कितपत परवडते, याचाही विचार त्यात आला.

परंतु प्रत्येक कारखान्याने स्वतंत्र फाटा काढावा आणि स्वतंत्र माणूस नेमावा, हा उपाय वीस-पंचवीस कामगारांच्या युनिटला झेपणारा नाही. दहा कारखान्यांच्या गरजा पाहिल्या तर त्या बहुतेक एकच असतात: हीट, रिजेक्शन, जॉबवर्क. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, ही जीएसटी कायद्याची अट सर्वांना सारखीच लागू आहे. मग दहा फाटे कशासाठी? आपसांत स्पर्धा करणारे कारखानदार एकत्र येणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. पण वापरलेली वाळू पुन्हा कामाजोगी करण्याचा सामूहिक प्रकल्प कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी एकत्र येऊनच उभा केला. ग्राहक आणि दर ज्याचे त्याचे राहिले, वाळू तेवढी सामाईक झाली.

सामाईक वस्तू बेवारस होते, ही भीतीही निराधार नाही. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते नेमके याचे दुसरे अंग दाखविल्याबद्दल. वापरणाऱ्यांनीच नियम केले, देखरेखीला माणूस नेमला आणि खर्चाची वाटणी ठरविली, तर सामाईक साधन पिढ्यान्‌पिढ्या टिकते. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या नेमलेला असे, आणि त्यांचा मेहनताना लाभधारक देत. पाणी सर्वांचे, म्हणून ते कोणीही सोडावे, असे नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी पाणीपुरवठा संस्थांचा अनुभवही याहून वेगळा नाही.

तेव्हा शिरोलीच्या उत्पादकांची ‘स्मॅक’ ही जी संघटना आहे तिने फौंड्री आणि मशीनशॉप यांच्यासाठी एकच जोड-आज्ञावली, आणि अपरिहार्य असेल तेथे एकच फाटा, संघटनेच्या नावावर ठेवावा. मूळ आज्ञावलीतील दुरुस्त्या दर आठवड्यास आत घेणे, चाचणी झाल्यावाचून कोणताही संच सभासदाकडे जाऊ न देणे आणि आपण केलेल्या उपयुक्त सुधारणा मूळ सांभाळणाऱ्यांकडे परत पाठविणे, या कामासाठी एक पगारी माणूस आणि एक मदतनीस पुरे. वर्गणी सभासदाच्या उलाढालीच्या प्रमाणात ठेवता येईल. परतीच्या सुधारणेला काही जण दानधर्म समजतात. वस्तुतः आपली सुधारणा मुळात गेली की ती पुढे सांभाळण्याचा आपला खर्चच संपतो.

राहिला प्रश्न मनुष्यबळाचा. परिसरातील अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतून संगणकाचे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ग्रंथालयाची किंवा हजेरीची तीच ती आज्ञावली नव्याने लिहितात. परीक्षक ती पाहतो, गुण देतो आणि ती कपाटात जाते. त्याऐवजी शिरोलीच्या सामाईक फाट्यातील एखादी खरी टक्कर सोडविणे, एखाद्या चलनाची चाचणी लिहिणे हा प्रकल्प धरला तर विद्यार्थ्याला धंद्याचे काम कळेल आणि त्याच्या नावाची नोंद सार्वजनिक मजकुरात कायम राहील. नव्या शैक्षणिक वर्षातील प्रकल्पांचे विषय ठरण्याची वेळ पावसाळ्यात येते. मार्चअखेरचे हिशेब आटोपले की मध्ये दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्या काळात खाते उघडणे, दहा-बारा इच्छुक सभासद गोळा करणे आणि पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडणे संघटनेस अवघड जाऊ नये.