उसनी बंदूक किती दिवस?

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, बोराटी गावाजवळ २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ‘टी-१’ ऊर्फ अवनी ही वाघीण मारली गेली. परिसरातील १३ जणांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. हत्ती, ड्रोन, कुत्री असा सरंजाम जमवूनही अखेरची गोळी सुटली ती हैदराबादहून आलेल्या खासगी शिकाऱ्याच्या रायफलीतून. मोहीम शफात अली खान यांच्याकडे होती. गोळी झाडली ती त्यांचे पुत्र असगर अली यांनी. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धतीच्या उल्लंघनावर बोट ठेवले. वाद वाघिणीभोवती फिरत राहिला आणि मूळ प्रश्न मागे पडला. टिपेश्वरसारखे अभयारण्य सांभाळणाऱ्या वन खात्याला ऐन वेळी बाहेरच्या बंदुकीची वाट का पाहावी लागावी?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, हे योग्यच झाले. मात्र शिकारीबरोबर मोठ्या रायफली आणि त्या सफाईने चालविणारे हातही ओसरले. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा उरली. खासगी साठ्यावर विसंबण्याचे दिवस संपत आले आहेत, हाच याचा अर्थ.

म्हणून एकदम शस्त्रखरेदीचा धडाका लावणेही शहाणपणाचे नव्हे. कायद्याचे कलम ११ सांगते की, जनावर पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नसेल तरच ते मारण्याची परवानगी द्यावी. त्यामुळे पहिला खर्च भुलीच्या बंदुका, औषधे आणि प्रशिक्षित पशुवैद्यक यांवर व्हावा. त्यानंतर मोजक्याच, एकाच बोअरच्या रायफली घ्याव्यात, म्हणजे काडतुसांचा घोळ होणार नाही. प्रत्येक रायफलीमागे किमान दोन सराव असलेले कर्मचारी, कुलूपबंद शस्त्रागार आणि काडतूसनिहाय नोंदवही हवी. ही घडी बसल्याखेरीज पुढची खरेदी नको.

हाती शस्त्र आले की वाघ अधिक मरतील, ही भीती निराधार नाही. परंतु बाहेरचा नेमबाज काम आटोपून निघून जातो. कर्मचारी सेवानियमांना बांधलेला असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत जीव मुठीत धरून शेतात जाणाऱ्या मजुरालाही आणि वाघालाही उत्तरदायी यंत्रणाच वाचवू शकते. ती उसनी आणता येत नाही. वर्षानुवर्षे उभारावी लागते.