पंख फुटण्याआधी ओळखा



पावसाळ्यात धुऱ्यावरच्या गवताच्या काडीला कोणी थुंकून गेल्यासारखा फेस दिसतो. तो बोटाने पुसा. आत मऊ, फिकट, बिनपंखी पिलू सापडेल. ते काडीतला पाणचट रस पिते, जादा पाणी मागून सोडते आणि त्यात हवा मिसळून स्वतःभोवती फेस करते. ऊन आणि शत्रू, दोन्हींपासून ते त्याचे घर. कात टाकत पाच अवस्था तिथे काढायच्या, पंख फुटले की उडी मारून निघून जायचे. फेसातले पिलू आणि गवतावर उड्या मारणारा किडा एकच, हे सांगितल्याशिवाय पटत नाही.

धुऱ्यावरच्या या किड्याने आपले दिवाळे निघत नाही. त्याचा चुलतभाऊ मात्र पऱ्हाटीवर बसला आहे, तो म्हणजे तुडतुडा. त्याच्या पिलाला फेस नाही, म्हणून ते नजरेत येत नाही. दिसतो तो झाड हलवल्यावर उडणारा मोठा हिरवा तुडतुडा. तो पाहून माणूस थेट कृषी केंद्र गाठतो. ज्याचा गल्ला बाटलीवर भरतो तोच दुखणे सांगणार, तोच औषध देणार, वर आणखी एखादे मिसळायला सांगणार! २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटून पाहायला पैसा लागत नाही.

सकाळी गारव्याला पान हळूच उलटा. मादी अंडी शिरेच्या आत घालते. ती डोळ्याला दिसत नाहीत. त्यातून निघालेले पिलू पिवळसर-पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे, शिरेजवळ बसलेले असते. तिसऱ्या अवस्थेपासून पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात, पाचव्या अवस्थेत ते पोटावर बरेच मागे पोचतात. पण पक्की खूण चालण्याची. बोट लावले की तुडतुड्याचे पिलू खेकड्यासारखे तिरपे पळते. फुलकिड्याचे पिलू सुतासारखे बारीक, ते असे चालत नाही. पांढऱ्या माशीचे तर एकदा चिकटले की हलतच नाही. पानामागे रिकाम्या पांढऱ्या कातीही सापडतील. उडता तुडतुडा शेजारच्या भेंडीतून आलेला असू शकतो. बिनपंखी पिलू आणि कात दिसली तर कीड आपल्याच वावरात वाढते आहे.

पाने लाल झाली की ‘लाल्या आला’ म्हणून मॅग्नेशियम सल्फेट मारणारे आहेत, आणि खऱ्या लाल्यावर कीटकनाशक ओतणारेही आहेत. पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळल्या, मग लालसर झाल्या आणि मागे पिले, काती असल्या, तर तो तुडतुडा. मागची बाजू स्वच्छ असेल तर कीटकनाशकाची बाटली फुकट जाईल. बीटी बियाणे आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. ते बोंडअळीसाठी, रस पिणाऱ्याला त्याने काही होत नाही.

आता मोजणी. वावरात तिरपे चालत २० झाडे घ्या, प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे अशी ३ पाने पाहा. ६० पानांवर मिळून लहान-मोठे १२० सुद्धा तुडतुडे भरले नाहीत, म्हणजे पानामागे दोनही नाहीत, तर थांबा. मगरीसारखी दिसणारी ढालकिड्याची अळी किंवा क्रायसोपाची अळी फिरताना दिसली तर नक्कीच थांबा. तिला कीड समजून मारणारे पुष्कळ आहेत. ती तर आपली बिनपगारी राखणदार. ज्वारीत असेच पोंग्यात डोकावा, तिथल्या तुडतुड्याची पिले दाटीने आतच बसतात.

मोजलेला आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. कोंब न फुटलेली कोवळी पिलेच जास्त भरली, तर शिरेतल्या अंड्यांची नवी पिढी बाहेर पडली आहे. मग पुढची मोजणी आठवडाभर न थांबता तीन-चार दिवसांतच करा.