गाडी घेण्यापूर्वी पायरी मोजावी



गेल्या पंधरवड्यात नाशिकहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांचे यजमान 72 वर्षांचे असून सहा वर्षांपासून कंपवाताने आजारी आहेत. लघवीची घाई होते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. प्रवासात वाटेतील स्वच्छतागृह गाठेपर्यंत धीर निघत नाही, या संकोचाने त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले आहे. गुहागरचे आपले मूळ घर आणि समोरचा समुद्र एकदा पुन्हा पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. मुलगा म्हणतो, ‘‘जुनी कॅम्परव्हॅन घेऊ. झोपण्याची, शौचाची सोय गाडीतच होईल.’’ गाठीशी 5 लाख रुपये आहेत. भगिनी विचारतात, ‘‘हा पैसा आम्ही आजारपणासाठी राखलेला आहे. तो जुन्या गाडीत घालणे शहाणपणाचे होईल का?’’

उत्तर देण्यापूर्वी आमच्या घरातील एक चूक सांगणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी वडिलांना देवदर्शनाला नेता यावे म्हणून आम्ही भावंडांनी एक जुनी व्हॅन घेतली. इंजिन पाहिले, मायलेज विचारले, किमतीची घासाघीस केली. वडिलांना मात्र गाडीत बसवून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही. व्हॅनची पायरी त्यांच्या गुडघ्याच्या जवळपास येत होती. दोन वेळा आम्ही त्यांना काखेत हात घालून वर चढविले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरा.’’ वर्षभराने गाडी तोट्यात विकली. तो तोटा केव्हाच विसरलो, वडिलांचे ते वाक्य विसरता आलेले नाही.

म्हणून या स्तंभाच्या वाचकांना पहिला सल्ला असा : गाडीची पहिली परीक्षा मेकॅनिकने करू नये, जिच्यासाठी गाडी घ्यावयाची त्या व्यक्तीच्या शरीराने करावी.

चढणे, निजणे, उठणे

गाडी पाहण्यास सायंकाळी, शरीर थकलेले असताना जावे. पायांत नेहमीचीच पादत्राणे असावीत. गाडीत चढणे, बसणे, आडवे होणे, उठणे, वळणे आणि उतरणे हा क्रम तीन वेळा करून पाहावा. पहिल्या वेळी सर्वांनाच जमते, खरे काय ते तिसऱ्या वेळी कळते.

घरातील जिन्याची पायरी साधारण 15 ते 18 सेंमी उंच असते. व्हॅनची पायरी तिच्या दुप्पट असू शकते. मध्ये एक भक्कम, न सरकणारी जादा पायरी आणि दाराच्या दोन्ही बाजूंना पकडदांडे बसविता येतील का, ते पाहावे. बिछान्याच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. त्यासाठी 45 ते 50 सेंमी उंची बहुतेकांना सोयीची पडते. अनेक गाड्यांत सामानाच्या पेट्यांवर बिछाना रचलेला असतो. तो तरुणांना सोयीचा असतो, परंतु वृद्धांना त्यावरून पडण्याचे भय असते.

कंपवाताच्या रुग्णांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अरुंद वाटेत, दारात किंवा वळताना त्यांचे पाय जागीच खिळतात. मारुती ओम्नी किंवा ईको यांसारख्या लहान व्हॅनमध्ये आत उभेही राहता येत नाही, सारे वाकून करावे लागते. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरच्या उंच छपराच्या प्रकारात उभे राहता येते, मात्र मधली वाट किती रुंद ठेवली आहे ते पाहावे. रुग्णाशेजारी आधार देणारी व्यक्तीही तेथे मावली पाहिजे. ती व्यक्ती बहुधा पत्नी असते आणि तिची कंबरही साठी-सत्तरीची असते, हे मुलांनी विसरू नये.

रात्री उठताना एकदम उभे राहू नये. बिछान्याच्या कडेवर मिनिट-दोन मिनिटे बसावे, कारण या आजारात उभे राहताच रक्तदाब घसरून घेरी येऊ शकते. हाताशी मंद दिवा आणि पुरुषांसाठी युरिन पॉट ठेवावे. काही शे रुपयांच्या या भांड्याने निम्मा प्रश्न सुटतो, हे भगिनींनी आवर्जून लक्षात घ्यावे.

ओल, धूर आणि गॅस

गाडीत शिरताच खोल श्वास घेऊन पाहावा. कुबट वास येत असेल तर गादी उचलून खाली पाहावे, छपराचे कोपरे आणि खिडक्यांच्या रबरी कडा हाताने चाचपाव्यात. शक्य असल्यास पावसाळ्यातच गाडी पाहावी, नाहीतर मालकाच्या परवानगीने छपरावर दोन बादल्या पाणी ओतून आत कोठे झिरपते ते तपासावे. ओलीमुळे बुरशी धरते आणि बंद जागेतील बुरशी दम्याच्या रुग्णाला रात्रभर खोकविते. समुद्रकिनारी वापरलेल्या गाडीचा तळ, चाकांवरील पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा गंजल्या आहेत का, हेही पाहावे.

कार्बन मोनॉक्साईड या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ आणि मग बेशुद्धी अशा क्रमाने तो घात करतो, झोपेत तर तेवढीही सूचना मिळत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नये, दारे-खिडक्या बंद करून शेगडी पेटवू नये. या वायूची सूचना देणारे यंत्र बाजारात मिळते, ते बसवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असावयास हवे. माझे मत विचाराल तर स्वयंपाक गाडीबाहेरच करावा.

मेकॅनिक आणि कागदपत्रे

यानंतर, विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेकॅनिक पैसे देऊन सोबत न्यावा. इंजिन गार असतानाच सुरू करून पाहावे, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा यावे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 याचा अर्थ 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा धरावा.

नोंदणी प्रमाणपत्रातील इंजिन व चासी क्रमांक गाडीवर स्वतः पडताळावेत. गाडीवर बँकेचा बोजा नाही, दंड थकलेले नाहीत, याची खात्री करावी. परराज्यातील गाडी असल्यास तेथील ना हरकत प्रमाणपत्र हवे. हस्तांतरणाचे फॉर्म 29 आणि 30 भरल्यावर विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षे वैध असते, नंतर तपासणी करून ती नव्याने करावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीत केलेले बदल. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परस्पर करता येत नाही. आसने काढून बिछाना बसविलेल्या गाडीची नोंद आरटीओकडे तशी झालेली नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. स्वस्त मिळणाऱ्या कॅम्परव्हॅनचे स्वस्तपण पुष्कळदा येथेच दडलेले असते.

पैशाचा हिशेब

5 लाखांतील 1 लाख आजारपणासाठी बाजूला काढावेत आणि त्यांना हात लावू नये. उरलेल्या 4 लाखांत गाडीची किंमत 3 लाखांच्या आत बसली पाहिजे. टायर, बॅटरी, पकडदांडे, विमा आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती यांत उरलेली रक्कम सहज जाते. या रकमेत उंच छपराची चांगली गाडी मिळाली नाही, तर लहान गाडीवर समाधान मानण्यापेक्षा थांबणे बरे.

मग मुलाला एकच प्रश्न विचारावा : वर्षातून किती रात्री गाडी वापरली जाईल? ती चालविणार तोच, आणि त्याला रजा दहा दिवसांची. विमा, देखभाल आणि उभी करण्याच्या जागेचा खर्च मात्र वर्षभराचा. एवढ्या थोड्या रात्रींसाठी भाड्याची गाडी बहुधा स्वस्त पडते.

भगिनी, तुम्हांला माझे उत्तर असे. आज गाडी विकत घेऊ नका. यजमानांच्या डॉक्टरांना विचारून, अशीच एक गाडी दोन रात्रींसाठी भाड्याने घ्या आणि पहिला मुक्काम घराजवळच करा. तो सुखाचा झाला तर गुहागरला निघा. पुणे, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता एका दिवसात ओढू नका, पुण्याला मुक्काम करा. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दीड तासाने उतरून चार पावले चालवा. औषधांच्या वेळा चुकवू नका आणि औषधे उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका.

परतल्यावर यजमानांनी आपण होऊन ‘‘पुन्हा केव्हा जायचे?’’ असे विचारले, तर जुनी गाडी शोधावयास लागा आणि हा अंक सोबत न्या. नाही विचारले, तर एकदा समुद्र पाहून झाला, पैसाही घरात राहिला. दोहोंपैकी काय झाले, ते मात्र मला अवश्य कळवा.