अनुस्वार कोणी खाल्ला?

संगणक कक्षातला प्रिंटर खराब आहे, हे वाक्य आपल्या महाविद्यालयात इतक्या वेळा उच्चारले जाते की ते खरे आहे की नाही हे पाहण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. फिके पान हातात पडले की मुले यंत्राला बोल लावतात, कक्षातले सहायक टोनरकडे बोट दाखवतात आणि कार्यालय म्हणते, मुलेच नीट वापरत नाहीत. माझे मत निराळे आहे. यंत्र धडधाकट आहे; त्याला दिलेला हुकूम चुकीचा आहे.

हे मी हवेत बोलत नाही. प्रिंटरवरची बटणे दाबून त्याचे स्वतःचे चाचणीचे पान काढता येते. त्या पानाचा कोणत्याही संगणकाशी संबंध नसतो. तेच फिके आले किंवा त्यावर उभा पांढुरका पट्टा दिसला, तर टोनर संपत आला असे समजावे. ठराविक अंतराने तोच डाग पुन्हा पुन्हा उमटला, तर ड्रम किंवा एखादा रूळ पाहावा. बोट फिरवताच अक्षर पुसले जात असेल, तर जाड कागद घालून सेटिंग साध्या कागदाचे तर ठेवले नाही ना, हे तपासावे. गेल्या सत्रात आम्ही काही जणांनी हे पान काढले. ते काळेभोर, स्वच्छ आले. म्हणजे दोष वाटेत कोठे तरी होता.

तो सापडला सर्व्हरवर. तेथे या प्रिंटरसाठी 'टोनर वाचवा' हे सेटिंग कायमचे चालू करून ठेवले आहे. विंडोजमध्ये छपाईची सेटिंगे दोन ठिकाणी असतात. एक ज्याची त्याची स्वतःची आणि दुसरी 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' या नावाची, सर्वांसाठी. आपण आपल्यापुरता बदल करतो, पण उद्या शेजारच्या संगणकावर बसलो की पुन्हा सर्वांसाठीचाच हुकूम लागू. आणि तो बदलण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही. नसावाही; पण ज्यांना आहे त्यांनी तो वापरावा.

कोणी म्हणेल, पान थोडे फिके आले तर बिघडले काय? इंग्रजीत फारसे बिघडत नाही. आयवरचे टिंब गेले तरी आय ओळखू येतो. मराठीत टिंबाला हिशेब आहे. संत या शब्दाचे टिंब गेले की सत उरते, वंशाचा वश होतो. त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडे आदर टिंबात राहतो. 'प्राचार्यांचा' लिहावे आणि कागदावर 'प्राचार्याचा' उमटावे, याला काय म्हणावे?

हिशेबच करायचा तर असा. १९८४ साली बाजारात आलेला एच. पी.चा पहिला लेझरजेट इंचाला ३०० ठिपके उमटवी. १९९२ च्या लेझरजेट ४ मध्ये ते ६०० झाले. १२ पॉइंटचा टाइप म्हणजे इंचाचा सहावा भाग, म्हणजे ६०० च्या हिशेबाने १०० ठिपक्यांची उंची. त्यात अनुस्वाराच्या वाट्याला फार तर आठ-दहा ठिपके येणार. तळटीपेत त्याहून कमी. त्यांतूनही काटकसर केली की अनुस्वार करडा पडतो, आणि त्या पानाची झेरॉक्स काढली की नाहीसाच होतो.

आणि आपण प्रकल्पाची एक प्रत छापून बाकीच्या झेरॉक्सच काढतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या प्रकल्पावर पहिल्या पानापासून लाल शाईची टिंबे पडली. शेरा होता, 'शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष'. तिच्या फाइलमध्ये ते सगळे अनुस्वार जागच्या जागी होते. तपासणाऱ्या सरांचाही दोष नाही. त्यांच्या हाती आले तेच त्यांनी वाचले. गुण मात्र गेले.

जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या सुबक टाइपाचे कौतुक अजून सांगतात. खिळ्यांच्या छपाईतही अक्षरे झिजत, टिंबे तुटत. पण झिजलेला खिळा दिसे आणि बदलता येई. येथे झीज कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, ती एका चौकटीतल्या बरोबरच्या खुणेत दडलेली आहे.

टोनर महाग आहे, ही कार्यालयाची तक्रार मला मान्य आहे. पण फिके पान मुले टाकून देतात आणि दुसऱ्यांदा छापतात. या बचतीला बचत म्हणणे कठीण आहे. शिवाय काटकसर आणि सुवाच्यता यांत भांडण लावण्याचे कारणच नाही. एकच प्रिंटर सर्व्हरवर दोन नावांनी बसवता येतो आणि प्रत्येक नावाची डिफॉल्ट सेटिंगे वेगळी ठेवता येतात. एकाचे नाव 'कच्चा' ठेवावे, टोनर वाचवणारा. सूचना, मसुदे, हजेरीचे तक्ते त्यावर जावेत. दुसऱ्याचे नाव 'पक्का', ६०० ठिपक्यांचा, काटकसर बंद. यंत्र तेच, खर्च शून्य, काम अर्ध्या तासाचे. कक्षाच्या दारावर तशी दोन ओळींची चिठ्ठी लावावी, आणि हे प्रकल्प जमा करण्याच्या तारखेआधी व्हावे. नंतर झाले तर त्याचा उपयोग पुढच्या वर्षीच्या मुलांना.