ग्रंथतालिकेंत वाचकाचाहि हात हवा

ग्रंथालयांत पुस्तक असणें ही एक गोष्ट, आणि तें ज्याला हवें त्याच्या हातीं पडणें ही दुसरी. या दोहोंमधील वाट जी दाखविते तिला ग्रंथालयाची तालिका म्हणतात. पुस्तकाचें नांव, ग्रंथकाराचें नांव, विषय आणि कपाटांतील स्थान यांची ती नोंद होय. पूर्वीं ही तालिका जाड वहींत असे. पुढें ती लहान लहान कार्डांच्या पेटींत आली. आणि आतां ती संगणकांत जाऊन बसली असून घरबसल्या आंतरजालावरून पाहतां येते. एवढीं स्थित्यंतरें झालीं, तरी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणीं पालटलेली नाहीं. तालिका बोलते आणि वाचक ऐकतो. वाचकाला तिच्याशीं बोलतां येत नाहीं. ही एकमार्गी रीत आतां सोडली पाहिजे व तालिकेला वाचकाचाहि हात लागला पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. तें कां, आणि कोणत्या मर्यादेंत, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आपल्या देशांत ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं या शास्त्राचे पांच नियम ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, त्याचप्रमाणें ग्रंथालाहि त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्यांतील दोन नियमांचा भावार्थ आहे. यांपैकीं पहिल्याकडे आपलें लक्ष असतें. दुसऱ्याकडे फारसें जात नाहीं. पुस्तक आपण होऊन वाचकाकडे चालत जात नाहीं. त्याच्या वतीनें कोणीतरी बोलावें लागतें, आणि तें पुस्तक ज्यानें वाचलें आहे त्याच्याइतका योग्य वकील दुसरा कोण मिळणार?

एक उदाहरण घेऊं. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ हें पुस्तक १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होत असतो. विधवांची दुःस्थिति हा त्याचा विषय. आतां नववींतील एखाद्या विद्यार्थिनीला एकोणिसाव्या शतकांतील विधवांच्या स्थितीवर निबंध लिहावयाचा आहे असें समजा. ती तालिकेंत ‘विधवा’ हा शब्द घालून शोध करते. तेथें केवळ ‘यमुनापर्यटन’ व ‘कादंबरी’ एवढीच नोंद असेल, तर तें पुस्तक तिच्यापासून दहा पावलांवर असूनहि तिला सांपडावयाचें नाहीं. उलट नांव दिसलेंच तर तें प्रवासवर्णन असावें असा तिचा समज होईल. ग्रंथकाराच्या नांवानें शोधावें, तर कोणी ‘पदमनजी’ लिहितो, कोणी ‘पद्मनजी’. आणि जुनी नोंद रोमन लिपींत असली तर मग विचारावयासच नको. तें पुस्तक वाचलेल्या एखाद्या वाचकाला ‘विधवा’, ‘पुनर्विवाह’, ‘समाजसुधारणा’ असे दोनचार विषयशब्द त्या नोंदीखालीं जोडतां आले असते, तर या विद्यार्थिनीची वाट मोकळी झाली असती.

दुसरी अडचण लेखनपद्धतीची. लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां अशा नांवाच्या शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देण्याची रीत होती. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. माणसाला ‘स्मृतिचित्रें’ व ‘स्मृतिचित्रे’ हें एकच पुस्तक; पण यंत्राला तसें शिकविलेलें नसेल, तर तीं दोन वेगळीं नांवें ठरतात. तीच गोष्ट टोपणनांवांची. ‘बालकवि’ म्हणून शोधणाराला त्र्यंबक बापूजी ठोमरे सांपडले पाहिजेत, आणि ‘केशवसुत’ म्हणून शोधणाराला कृष्णाजी केशव दामले. चांगली तालिका अशा वेळीं ‘एकहि पुस्तक नाहीं’ एवढें उत्तर देऊन स्वस्थ बसत नाहीं. ‘आपणांस अमुक म्हणावयाचें आहे काय?’ असें ती उलट विचारते. वाचकाशीं संवादाचा आरंभ येथूनच व्हावयास हवा.

कोणी म्हणेल, एखादें पुस्तक नाहीं सांपडलें तर एवढें काय बिघडलें? बिघडतें तें असें. ज्या विद्यार्थ्याला तालिकेकडून दोनदां ‘नाहीं’ असें उत्तर मिळतें, तो तिसऱ्यांदा तेथें जात नाहीं. तो हातांतील मोबाइलला विचारतो, समोर येतील त्या पहिल्या चार ओळी वाचतो आणि तेवढ्यावर निबंध उरकतो. इकडे तें पुस्तक वर्षानुवर्षें कोणी नेत नाहीं. त्याच्यावर धूळ सांचते, त्याला कसर लागते, आणि एके दिवशीं निरुपयोगी म्हणून त्याचें निर्लेखन होतें. वस्तुतः तें निरुपयोगी नव्हतें. तें कोणास ठाऊकच नव्हतें. जुन्या मराठी पुस्तकांपैकीं कित्येकांची पुन्हां आवृत्ति निघालेली नाहीं. अशा पुस्तकाची प्रत गेली म्हणजे ती गेलीच. दिवा लावून तो मापाखालीं झांकूं नये, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. तो ग्रंथालयांनाहि लागू आहे.

ही सुधारणा अशक्य आहे काय? मुळींच नाहीं. न्यूझीलंड देशांत होरोव्हेनुआ नांवाचा एक लहानसा जिल्हा आहे. तेथील ग्रंथालयांची जुनी संगणकव्यवस्था २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. तेव्हां १९९९ सालीं त्यांनीं स्वतःसाठीं एक नवी व्यवस्था तयार करवून घेतली व जानेवारी २००० मध्यें ती सुरू केली. तिचें नांव ‘कोहा’. माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट. आणि या नांवास शोभेल अशा रीतीनें ती जगांतील सर्व ग्रंथालयांना विनामूल्य वापरावयास व सुधारावयास देण्यांत आली. आज आपल्या देशांतहि अनेक ग्रंथालयांत ती चालते. तींत वाचकाला पुस्तकाखालीं विषयशब्द जोडतां येतात, अभिप्राय लिहितां येतो, सुट्टींत वाचण्याजोग्या पुस्तकांची यादी करून ती इतरांस दाखवितां येते, दुसऱ्यानें नेलेलें पुस्तक आपल्यासाठीं राखून ठेवावयास सांगतां येतें, आणि अमुक पुस्तक विकत घ्यावें अशी सूचनाहि करतां येते. अमेरिकेंतील ॲन आर्बर या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानें २००७ सालींच आपली तालिका अशा रीतीनें वाचकांस खुली केली होती. म्हणजे साधनें आहेत व अनुभवहि आहे. या सोयी चालू ठेवावयाच्या कीं बंद, हें त्या त्या ग्रंथालयानें ठरवावयाचें असतें.

यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, मुलें वाटेल तें लिहितील. कांहीं लिहितीलहि. म्हणूनच कोहामध्यें वाचकाचा अभिप्राय ग्रंथपालांनीं पाहून मान्य केल्यावांचून इतरांस दिसत नाहीं, व विषयशब्दांनाहि तशीच चाळणी लावतां येते. शिवाय ग्रंथपालांनीं केलेली शास्त्रशुद्ध नोंद जशीच्या तशी राहते. वाचकाचे शब्द तिच्या शेजारीं बसतात, तिची जागा घेत नाहींत.

दुसरा आक्षेप असा कीं, यामुळें लोकप्रिय पुस्तकांचाच गवगवा होईल. हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुस्तकाला पांचांपैकीं इतके तारे असे गुण देण्याची जी पद्धति आहे, तिनें शाळेच्या ग्रंथालयांत लाभ थोडा आणि हानि फार. चार मुलांनीं दिलेल्या ताऱ्यांवरून पुस्तकाची योग्यता कळत नाहीं. परंतु तेवढ्यावरून पांचवा मुलगा तें हातीं घ्यावयाचें टाळतो. म्हणून तारे नकोत. त्यांऐवजीं, हें पुस्तक कोणास आवडेल व कां, एवढें दोन वाक्यांत लिहावयास सांगावें.

तिसरा आक्षेप पालकांचा. आपलें मूल काय वाचतें हें साऱ्या जगानें कां पाहावें? हा आक्षेप पूर्णपणें मान्य केला पाहिजे. अभिप्रायाखालीं मुलाचें पूर्ण नांव नसावें, आणि कोणी कोणतें पुस्तक नेलें हें दुसऱ्या वाचकास कधींहि दिसूं नये. घरांतील आजार, मनांतील भीति किंवा श्रद्धेविषयींची एखादी शंका यांसाठीं कोणी मुकाट्यानें पुस्तक शोधीत असेल, तर तेवढा एकांत त्याला मिळालाच पाहिजे.

क्रमहि नीट ठरविला पाहिजे. प्रथम मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरींत व शुद्ध असाव्यात. मग नव्या व जुन्या लेखनपद्धतींची, तसेंच नांवांची व टोपणनांवांची सांगड घालावी. आणि त्यानंतर वाचकांच्या शब्दांना दार उघडावें. पाया कच्चा ठेवून वर तोरण बांधण्यांत अर्थ नाहीं. शिवाय विनामूल्य मिळालेली व्यवस्थाहि फुकट चालत नाहीं. तिला संगणक लागतो, वीज लागते, आणि मुख्य म्हणजे जाणतें माणूस लागतें. जेथें एकच शिक्षक आपला वर्ग सांभाळून ग्रंथालयहि पाहतो, तेथें हें सारें ओझें त्याच्या शिरीं देणें अन्यायाचें होईल. वरच्या वर्गांतील विद्यार्थी, माजी विद्यार्थी व पालक यांनीं तें वांटून घेतलें पाहिजे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि मोठ्या परिश्रमानें सिद्ध केली, तीहि संगणक नसतांना. त्या मानानें एका शाळेच्या कपाटांतील पुस्तकांचें काम तें किती!

विद्यार्थिमित्रहो, यासाठीं नवी व्यवस्था येईपर्यंत थांबावयाचें कारण नाहीं. पुस्तक परत करतांना एका चिठ्ठीवर त्याचें नांव आणि त्यांत काय आहे हें सांगणारे चार शब्द लिहून ग्रंथपालांच्या हातीं द्या. पालकांनींहि घरांतील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आठवणींतील जुन्या पुस्तकांविषयीं विचारावें, व तीं कशाविषयीं होतीं हें लिहून पाठवावें. तालिका वाचकांस खुली होईल तेव्हां या चिठ्ठ्या तींत जातील. तोंपर्यंत त्या पेटींत राहिल्या, तरी विचारावयास येणाराला दाखवितां येतील. पुढच्या वर्षीं तोच विषय शोधीत येणारी मुलगी तुम्हांला ओळखत नसेल. पण तुमच्या चार शब्दांमुळें तिला तिचें पुस्तक सांपडेल.