न हरणारे राजे आणि शिवलेला चेंडू

परवा धाकट्या नातवाचा शाळेचा प्रकल्प चालू होता. विषय ‘प्राचीन इजिप्त’. पुठ्ठ्याचा पिरॅमिड झाला, जुन्या पंचाच्या पट्ट्या गुंडाळून एका बाहुलीची ममी झाली, निळ्या जिलेटिनची नाईल नदी वाहू लागली. सगळं मनासारखं झाल्यावर स्वारीने डोकं वर करून विचारलं, "आजी, ही माणसं खेळायची काय गं?"

मंडळी, मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नाईलचे पूर, पिरॅमिड, ममी, चित्रलिपी हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. इतक्या वर्षांत एकाही मुलाने हे विचारलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. "बघून सांगते," असं म्हणून वेळ मारून नेली. त्याचा प्रकल्प देऊन झाला, ‘छान’ असा शेराही मिळाला. मी मात्र अजून बघतेच आहे. वाचनालयातून पुस्तकं आणली, संगणकावर चित्रं पाहिली, आणि त्यातून माझं एक मत झालं. ते इथे मांडते.

सुरुवात राजांपासून केली, कारण लिहून ठेवलं ते राजांनी. सक्कारा इथला झोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आपण सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेला आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २६५० वर्षांचा. त्या पिरॅमिडच्या आवारात एक मोठं पटांगण आहे आणि त्यात दगडी खुणा रोवलेल्या आहेत. राज्याला साधारण तीस वर्षं झाली की ‘सेद’ नावाचा उत्सव व्हायचा आणि त्यात राजा अशा खुणांमधून धावायचा. आपण अजून धडधाकट आहोत, राज्याचा भार पेलू शकतो, हे देवांना आणि प्रजेला दाखवण्यासाठी ही धाव. धावणारा एकटाच. मागे कोणी नाही, पुढे तर नाहीच नाही.

पुढे इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात आमेनहोतेप दुसरा हा राजा झाला. याला आपल्या ताकदीचा भारी अभिमान. गिझाच्या स्फिंक्सजवळ त्याचा एक शिलालेख १९३६ साली सेलीम हसन या इजिप्शियन संशोधकांना सापडला. त्यात म्हटलं आहे की दोनशे वल्हेकरी अर्धा ‘इतेरू’ अंतर जाऊन दमून गळून गेले, पण राजा वीस हात लांबीचं वल्हं धरून तीन इतेरू वल्हवत गेला, म्हणजे त्यांच्या सहापट. शिवाय वीस-वीस हातांवर तांब्याची चार लक्ष्यं उभी केली, प्रत्येक तळहाताच्या रुंदीएवढं जाड, आणि राजाने धावत्या रथातून बाण मारले ते आरपार जाऊन पलीकडे पडले. वाचताना मला सारखं वाटत होतं की हे लिहिणाऱ्या लेखनिकाचा चेहरा एकदा पाहायला हवा होता.

तिसरं उदाहरण रामसेस तिसरा याचं, इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातलं. मेदिनेत हाबू इथल्या त्याच्या मंदिराच्या भिंतीवर कुस्त्या आणि काठ्यांच्या लढती कोरलेल्या आहेत. बघायला राजपुत्र, दरबारी आणि परदेशी पाहुणे बसले आहेत. एका जोडीत इजिप्तच्या मल्लाने प्रतिस्पर्ध्याचा गळा धरला आहे आणि पंच त्याला बजावतो आहे की बाबा रे, तू फॅरोच्या समोर आहेस, भान ठेव! म्हणजे पंच होता, नियमही होते. पण निकाल बघावा, तर पाठ टेकलेली माणसं नुबियाची, नाही तर दुसऱ्या कुठल्या परमुलखातली. घरचा मल्ल एकदाही खाली नाही. (यातली काठ्यांची लढत अजून संपलेली नाही बरं का. दक्षिण इजिप्तमध्ये लग्नाकार्यात ‘तहतीब’ नावाने ती आजही चालते. २०१६ साली युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं.)

तर माझं म्हणणं असं की हे तिन्ही प्रकार म्हणजे खेळ नव्हेत. ज्यात हरण्याची सोयच नाही त्याला खेळ कसं म्हणायचं?

यावर कोणी म्हणेल, बाई, तुम्ही आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजताय. खरं आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणे राजा म्हणजे जगाची घडी धरून ठेवणारा. या घडीला ते ‘मात’ म्हणत. राजा पळताना अडखळला तर उद्या नाईलला पूर येईल का, धान्य पिकेल का, इथपर्यंत शंका जायची. असल्या माणसाला हरणं परवडणारं नव्हतं. त्याची मला थोडी कीवच आली. दोनशे माणसांत बसून वल्हं मारायचं, आणि त्यांपैकी एकालाही आपल्यापुढे जाण्याची मुभा नाही! कसली मजा आली असेल त्या बिचाऱ्याला?

मजा होती ती दुसरीकडे. मध्य इजिप्तमध्ये नाईलच्या पूर्वेला बेनी हसन नावाचं ठिकाण आहे. तिथे डोंगरात कोरलेल्या कबरी आहेत, चार हजार वर्षांपूर्वीच्या. त्या राजांच्या नाहीत, प्रांताच्या अधिकाऱ्यांच्या. बाकेत तिसरा नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीत एका भिंतीवर मल्लांच्या दोनशेहून अधिक जोड्या रंगवल्या आहेत. कमरेला पट्टा, बाकी अंगावर काही नाही. डाव नीट कळावेत म्हणून चित्रकाराने जोडीतला एक मल्ल गडद रंगात आणि दुसरा फिकट रंगात काढला आहे. पकड, उचल, पाडणं, पुन्हा उठणं असं ओळीने दाखवलं आहे. आता वर असलेला पुढच्या चित्रात खाली. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, पण ती चित्रं पाहताना आमच्या गावच्या जत्रेतला हौद्याभोवतीचा आरडाओरडा कानात घुमायला लागला. त्याच कबरीत भिंतीच्या खालच्या भागात किल्ल्याला वेढा घातल्याचं चित्र आहे, त्यामुळे ही सैनिकांची तालीम असावी असं जाणकार म्हणतात. असेलही. पण तालमीतसुद्धा कोणीतरी पडावंच लागतं.

आणि बेनी हसनला मुलीसुद्धा आहेत! एक मुलगी तीन चेंडू एकामागून एक हवेत उडवते आहे. दुसरीकडे दोघी जणी मैत्रिणींच्या पाठीवर बसून चेंडू झेलताहेत. एकोणिसाव्या शतकातले अभ्यासक विल्किन्सन यांनी अंदाज बांधला की जिच्या हातून चेंडू सुटेल तिने दुसरीला पाठीवर घ्यायचं आणि तिचा झेल चुकला की पुन्हा पाळी बदलायची. अंदाज खरा असेल तर त्या भिंतीवर पाठीवर बसलेली मुलगी चारच क्षणांची राणी आहे. राजाला जे जमलं नाही ते या पोरींना जमत होतं.

राजे सगळेच एका माळेचे मणी होते असं मात्र नाही. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात तहार्का हा मूळचा नुबियाचा राजा इजिप्तवर राज्य करत होता. त्याने आपल्या सैनिकांची शर्यत लावली, मेंफिसजवळून फायूमपर्यंत वाळवंटातून आणि परत. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर, आणि तेही रात्रीच्या गारव्यात निघून. राजा स्वतः पाहायला गेला होता. या शर्यतीचा शिलालेख १९७७ साली दहशूरच्या वाटेवर सापडला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. पहिल्या आलेल्याचा सन्मान झालाच, त्याला राजाच्या अंगरक्षकांच्या पंक्तीला बसवलं. पण त्याच्या पाठोपाठ आलेल्यांनाही राजाने बक्षिसं दिली, आणि हे दगडावर कोरून ठेवलं. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची दखल घेणारा राजा मला इजिप्तमध्ये हा एवढाच भेटला.

बैठ्या खेळांत त्यांचा लाडका खेळ ‘सेनेत’. दहा-दहा घरांच्या तीन ओळी, एकूण तीस घरं. फासे म्हणून एका बाजूने सपाट असलेल्या काड्या टाकायच्या, आपण कवड्या टाकतो तशा, आणि सोंगट्या पुढे न्यायच्या. सुमारे तीन हजार वर्षं हा खेळ चालला. तुतनखामूनची कबर १९२२ साली हॉवर्ड कार्टर यांनी उघडली तेव्हा त्यात एकाहून अधिक सेनेत निघाले. गरिबाचा पट दगडावर रेघा मारून व्हायचा. खेळाच्या शेवटी पाण्याचं चिन्ह असलेलं सत्ताविसावं घर येतं. तिथे पाय पडला की घात, असं मानतात. अगदी दाराशी येऊन बुडायचं! पुढे पुढे हा पट म्हणजे मेल्यानंतरच्या प्रवासाचंच रूप झाला. नेफरतारी राणीच्या कबरीत राणी पटासमोर बसली आहे आणि समोर प्रतिस्पर्धी दिसतच नाही. तिचा डाव नशिबाशी चालला आहे, असा त्याचा अर्थ लावतात. सिंहासनावर कधी न हरणाऱ्या घराण्यालाही शेवटच्या पटावर काडी कशी पडेल याची धाकधूक होतीच म्हणायची.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

फायूमजवळ काहून नावाचं गाव होतं. सेनुस्रेत दुसरा याचा पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची आणि त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यांची वस्ती, चार हजार वर्षांच्या आतबाहेरची. १८८८ ते १८९० या काळात फ्लिंडर्स पेट्री यांनी तिथे उत्खनन केलं. घरांतून मातीची खेळणी निघाली, लाकडी भोवरे निघाले, आणि दोन्ही टोकांना निमुळते केलेले लाकडाचे तुकडे निघाले. म्हणजे विट्या! इंग्लंडमधली मुलंही हा खेळ खेळत, त्यामुळे पेट्रींना त्या ओळखायला कष्ट पडले नसावेत. आणि एक चामड्याचा चेंडू निघाला, आत वाळलेलं गवत भरलेला. तो चेंडू एके ठिकाणी उसवला होता आणि कोणीतरी तो पुन्हा शिवला होता.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

माझ्या टेबलाच्या खणात वीसेक वर्षं एक विटी पडून होती. मधल्या सुट्टीनंतर घंटा झाल्यावरही खेळत राहिलेल्या एका मुलाकडून मी ती काढून घेतली होती. तो दोन दिवस खणाकडे बघत होता, नंतर बघेनासा झाला. द्यायची राहिली. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना ती हाताला लागली आणि मी ती खडूच्या तुकड्यांबरोबर केरात टाकली. एवढंच नाही. ‘पोर्शन’ पुरा करायला दर वर्षी दुसऱ्या सत्रात खेळाचा तास मागून घेणाऱ्यांत मी पहिली होते. त्या तासाला मी मुलांना काय शिकवलं असेल? इजिप्तचे राजे!

काहूनला दगड वाहून दमलेल्या घरात कोणाला तरी वाटलं की पोराचा चेंडू फाटलाय, शिवून द्यावा. आई असेल, बाप असेल, आजीही असेल. मी त्या जागी असते तर म्हटलं असतं, फाटला ना, बरं झालं, आता अभ्यासाला बस.

माझं मत विचाराल तर खेळाचा तास कोणत्याही विषयाला उसना देऊ नये, इतिहासाला तर नाहीच नाही. आणि मूल पदक आणणार असेल तरच मैदानावर पाठवायचं, हा जो हिशेब हल्ली घराघरांत दिसतो तो राजांचा हिशेब आहे. पोरांना हरू द्यावं. झेल सुटला तर दुसऱ्याला पाठीवर घ्यायचं आणि पुन्हा उभं राहायचं, हे वर्गात बसून शिकवता येत नाही. मी तेहतीस वर्षं होते वर्गात, म्हणून सांगते.

नातवाला उत्तर दिलं. सगळं ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, "आजी, तू त्याची विटी टाकून दिलीस?" इतिहासातलं नेमकं तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं. आता पुठ्ठ्यावर तीस घरं आखून आम्ही रोज संध्याकाळी सेनेत खेळतो. खरे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, त्यामुळे आमचे आम्हीच केलेत. आतापर्यंत मी सात वेळा सत्ताविसाव्या घरात बुडाले.